पहिला जीपीएस ट्रॅकर बसवताना
ट्रॅकर उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा ठरवतो आणि सिमच्या डेटावरून सर्व्हरला कळवतो. नकाशावर गाडी दिसेना, तर आधी यातलं काय अडलंय ते बघा. नवख्यांचं बहुधा सिमच्या डेटाचंच अडतं: सिमचा पिन लॉक काढलेला नसतो किंवा एपीएन (सिम कंपनीची इंटरनेट सेटिंग) चुकलेला असतो.

वायरिंगला घाबरू नका. बहुतेक मॉडेल्समध्ये लाल वायर बॅटरीच्या कायम सप्लायला, फ्यूज लावूनच, काळी अर्थिंगला, तिसरी इग्निशनला, म्हणजे चावी चालू असतानाच वीज येणाऱ्या वायरला. ही तिसरी मल्टिमीटरने नीट तपासा, चावी बंद केल्यावर शून्य व्होल्ट यायला हवेत. ती कायम सप्लायला लागली, तर ट्रॅकरला गाडी सतत चालूच वाटते, तो झोपत नाही आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

अँटेनाची बाजू आकाशाकडे ठेवा, वर पत्रा नको. उघड्यावर लोकेशन आलं की मगच गाडीचं उघडलेलं पॅनल परत बसवा. ट्रॅकरवरून इंजिन बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) सध्या जोडू नका.