मारादीला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरला, मारादी भागातल्या शेतकऱ्यांबरोबर काम करायला जायचं पक्कं झालं हे कळलं, फार आनंद झाला. हवामानबदलाचे तक्ते बरोबर ने, पण लगेच उघडू नकोस. पाऊस लहरी झालाय हे तिथल्या बाजरीवाल्याला सांगावं लागत नाही.

आधी शेतातले खुंट बघ. उजाड रानातही जुन्या झाडांची मुळं जमिनीखाली जिवंत असतात, त्यांना धुमारे फुटतात. पूर्वी पेरणीआधी ते सरसकट छाटले जायचे. १९८३च्या सुमारास टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने रोपं लावण्याचा नाद सोडून हे धुमारेच राखायला लावले. जोमदार दोन-चार ठेवायचे, बाकीचे सरपणाला. तिथलं गाओ नावाचं झाड तर बघत राहावं असं! भर पावसाळ्यात ते पानं गाळतं, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही. कोरड्या दिवसांत त्याच्या शेंगा गुरांना होतात.

आज दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर अशी झाडं उभी आहेत. पण १९८४च्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात धान्य मिळालं म्हणून ज्यांनी झाडं राखली, त्यांतल्या पुष्कळांनी धान्य थांबताच ती तोडली. यावर नीट विचार कर. तेव्हा कायद्याने झाड सरकारचं होतं. स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी दंड. वनखात्याचा हात सैल झाला, लाकूड आपलं वाटू लागलं, तेव्हाच लोक झाडांना जपू लागले. म्हणून गावात गेलीस की पहिल्यांदा विचार : झाड वाढलं तर लाकूड कोणाचं? बायकांना वेगळं बसवून विचार, सरपण त्याच आणतात.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो यांनी 'झाई' खड्डे सुधारले. कोरड्या दिवसांत टणक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचं. खताला वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पहिला पाऊस आत मुरतो. पण हे खणणं जिवावरचं काम. घरातले पुरुष त्याच दिवसांत मजुरीला परगावी गेलेले असतात. एकट्या बाईच्या गळ्यात हे घालू नकोस. चार घरं मिळून खणतील का, ते आधी बघ.

सावादोगो आपल्या शेतावर बाजार भरवत. गावोगावचे शेतकरी बियाणं घेऊन येत, खड्डे बघत, त्यांनाच खोदून खोदून विचारत. तूही पत्रकं छापण्याचे पैसे गाडीभाड्याला ठेव आणि लोकांना ज्याचं पीक उभं आहे त्याच्या बांधावर ने. आणि तिथली हाउसा भाषा आत्तापासून शिकायला लाग.

तुझा,
काका