अन्ननलिकेतला चट्टा दुर्बिणीतून काढला, म्हणजे पुरे का?

प्रश्न : माझ्या आईचे वय 61 आहे. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून ती विड्या वळते आणि मिश्रीही लावते. छातीतली जळजळ थांबेना म्हणून इथेच एन्डोस्कोपी करून घेतली. अन्ननलिकेच्या मधल्या भागात सुमारे 2 सेंटिमीटरचा चट्टा दिसला आणि बायोप्सीत अगदी सुरुवातीचा कर्करोग निघाला. चिरफाड न करता दुर्बिणीतूनच तो काढता येण्याजोगा आहे, त्यासाठी पुणे किंवा हैदराबाद गाठा, असे डॉक्टर सांगतात. मामांचे म्हणणे असे, की कर्करोगाला हात लावला की तो पसरतो आणि काढायचाच तर सगळी अन्ननलिकाच काढून टाकावी. आम्ही काय करावे?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : मामांची पहिली भीती मनातून काढून टाका. बायोप्सीचा तुकडा घेतल्याने किंवा दुर्बिणीतून चट्टा काढल्याने हा रोग पसरत नाही. उलट या भीतीपायी घरी घालवलेले महिनेच रुग्णाला महागात पडतात. दुसरा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे, कारण काही रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया खरोखरच लागते. तुमची आई त्यांपैकी आहे की नाही, हे चट्ट्याच्या लांबी-रुंदीपेक्षा त्याच्या खोलीवर अवलंबून असते.

अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला पातळ श्लेष्मल आवरण असते, त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांचे जाळे असलेला सैलसर थर आणि त्याबाहेर स्नायू. रोग आवरणाच्या वरच्या भागातच असेल, तर तो या वाहिन्यांवरच्या लसीकागाठींमध्ये (लिम्फ नोड) पोहोचलेला असण्याची शक्यता फार कमी असते, आणि अशा वेळी तेवढेच आवरण सोलून काढणे पुरते. खालच्या थरात शिरल्यावर ही शक्यता झपाट्याने वाढते आणि दुर्बिणीला तर गाठी काढता येत नाहीत. अन्ननलिकेत ही सीमारेषा फार बारीक आहे : खालच्या थरात 200 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, यापलीकडे रोग गेला असेल तर केवळ दुर्बिणीवर भिस्त ठेवत नाहीत.

ईएसडी (एन्डोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन) या नावाने ओळखली जाणारी, दुर्बिणीतून आवरण सोलून काढण्याची ही पद्धत 1990 च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. रुग्णाला भूल दिल्यावर अन्ननलिकेत आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन असल्याने तो भाग तपकिरी होतो, रोगट भाग मात्र रंग धरत नाही आणि त्याची कड स्पष्ट दिसते. (आईला आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगा.) कडेबाहेर ठिपक्यांच्या खुणा करून चट्ट्याखाली द्रव टोचतात, त्यामुळे आवरण स्नायूपासून वर उचलले जाते. मग विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने भोवताली छेद घेऊन चट्टा खालून हळूहळू सोडवतात. लहान चट्ट्यासाठी फासा टाकून कापण्याची सोपी पद्धतही आहे, पण 2 सेंटिमीटरचा चट्टा तिने बहुधा तुकड्या-तुकड्यांत निघेल आणि तुकड्यांवरून कडा व खोली नीट वाचता येत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी हा अनुभव असलेल्या केंद्राकडे बोट दाखवले, ते मला योग्यच वाटते.

काढलेले आवरण कडा ताणून टाचण्यांनी सपाट बसवतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. खरा निकाल या अहवालात असतो. रोग किती खोल गेला, बाजूच्या व तळच्या कडा मोकळ्या आहेत का, रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत पेशी शिरल्या आहेत का, आणि पेशींचा प्रकार किती आक्रमक आहे, हे चार प्रश्न डॉक्टरांना एकेक करून विचारा. उत्तरे अनुकूल आली तर पुढे फक्त देखरेख. प्रतिकूल आली तर शस्त्रक्रिया किंवा केमो-रेडिएशन यांचा विचार करावा लागतो, आणि आधी दुर्बिणीतून काढल्यामुळे ती वाट बंद होत नाही. आरंभीच सगळी अन्ननलिका काढणे म्हणजे छाती-पोटाची मोठी शस्त्रक्रिया, जठर वर ओढून केलेली नवी नळी आणि पुढे कायम थोडे-थोडे जेवणे. वरवरच्या रोगासाठी एवढी किंमत मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोके आहेतच. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भिंतीला छिद्र पडते, पण ते बहुधा दुर्बिणीतूनच क्लिप लावून बुजवता येते. घेराच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक आवरण काढावे लागले तर भरून येताना नळी आवळते आणि फुग्याने ती वारंवार रुंद करावी लागते. घरी आल्यावर भाकरीचा घास अडकू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खर्चाचे म्हणाल तर निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, उपचाराचे नेमके नाव सांगून तो योजनेत बसतो का, हे विचारून घ्या.

आणि मिश्री बंद. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण घरोघरी ती व्यसनात धरली जात नाही. चट्टा निघाला तरी तोंडापासून खालपर्यंतच्या उरलेल्या आवरणाने तोच तंबाखू सोसलेला असतो, त्यामुळे नवा चट्टा दुसरीकडे उगवू शकतो. ठरलेल्या वेळी एन्डोस्कोपी आणि तोंड-घशाची तपासणी यासाठीच असते.

प्रश्न : रोजच्या शेंगाचटणीने हा आजार होतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चटणीवर ठपका ठेवता येणार नाही. जळजळ होत असेल तर ती कमी खावी, इतकेच. तंबाखू, दारू आणि सुपारी हे खरे गुन्हेगार. 65 अंश सेल्सिअसहून गरम पेये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये ‘संभाव्य कारण’ म्हणून नोंदवली आहेत, तेव्हा चहा वाफाळता न ओतता थोडा निवू द्यावा.