क्लबात चर्चिलची भूमिका उभी करताना
आवाजाच्या मागे नंतर लागा, आधी वेग पकडा. चर्चिल सावकाश बोलत. मिनिटाला १०० शब्द धरले तर २० मिनिटांना २,००० शब्द पुरतात, आणि रोटरीच्या जेवणानंतर त्याहून जास्त कोणी ऐकतही नाही. संहिता त्यांच्यासारखीच कवितेच्या तुटक ओळींत टाइप करा. श्वास कुठे घ्यायचा ते ओळच सांगते. त्यांचा ‘स’ किंचित बोबडा होता, पण तो ताणलात की दारुड्याची नक्कल वाटते.

होम्बर्ग टोपी (मधे खाच असलेली ताठ फेल्ट टोपी), काळा कोट, घड्याळाची साखळी, निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा बो. बो स्वतः बांधा, तयार क्लिपचा फारच नीट दिसतो. सिगार पेटवू नका (इंग्लंडमध्ये २००७ पासून बंद जागेत धूम्रपानबंदी आहे) आणि बोलताना तो हातातच ठेवा, नाहीतर शब्द चावले जातात. दोन बोटांच्या विजयाच्या ‘व्ही’ खुणेत तळवा प्रेक्षकांकडेच हवा. उलटा धरलात तर ब्रिटनमध्ये ती सरळ शिवी.

निवृत्त सभासद तारखांवर पकडतात. ४ जून १९४० चं ‘आपण किनाऱ्यांवर लढू’ हे भाषण संसदेत झालं. रात्री रेडिओवर त्यातले उतारे निवेदकाने वाचले. चर्चिलच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण १९४९ चं. खासदार लेडी अॅस्टर आणि चर्चिल यांच्यातल्या विषाच्या कॉफीच्या विनोदाचे किस्से गाळा, ते खात्रीचे नाहीत.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी, विशेषतः भारतीय सभासद असतील तर, १९४३ चा बंगालचा दुष्काळ काढणारच. तिथे भूमिकेत राहून टोमणा मारू नका. टोपी काढा आणि स्वतःच्या आवाजात उत्तर द्या.