कायदा आणि मानसशास्त्र एकत्र घेतलं, आता ना धड हे ना धड ते?

कायदा आणि मानसशास्त्र विद्यापीठात एकत्र शिकणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा काळजी बहुतेक एकच असते: आपण ना पुरते वकील होणार, ना पुरते मानसशास्त्रज्ञ. घरचे तर तोंडावरच सांगतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ही काळजी मी उडवून लावत नाही. तिच्यात तथ्य आहे, फक्त मुलांना वाटतं त्या जागी नाही. एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती संयुक्त पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजवर कायम चांगले गुण मिळवलेली मुलगी, आणि आता दोन्हीकडे घसरण. एक विषय सोडायचा हे ठरवूनच ती आली होती. कोणता, एवढंच मी सांगायचं होतं.

"मॅडम, कायद्याच्या वर्गात सगळे मला सायकॉलॉजीवाली म्हणतात आणि सायकॉलॉजीच्या वर्गात वकीलीणबाई. माझं कुठेच जमत नाहीये."

मी तिला तपासलेली उत्तरं घेऊन यायला सांगितलं. गुणपत्रिकेवरून गुण किती गेले ते कळतं, का गेले ते कळत नाही.

कायद्याच्या पेपरात एक प्रश्न होता. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाने हल्ला केला. तो जबाबदार ठरेल का? तिने आजाराबद्दल अतिशय सुरेख लिहिलं होतं. भ्रम कसे तयार होतात, भास कसे होतात, उपचार काय. समासात शिक्षकांचा लाल शेरा होता: "कसोटी कुठे आहे?" 1843 साली इंग्लंडमध्ये मॅक्नॉटन खटल्यानंतर न्यायाधीशांनी जी कसोटी मांडली, तिचा ठसा आजही अनेक देशांच्या कायद्यावर आहे. मनोविकारामुळे आरोपीला आपण काय करतोय हे कळत नव्हतं का, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं का, असं ही कसोटी विचारते. निदान गंभीर असूनही माणूस या कसोटीत बसत नाही, असं होऊ शकतं. तिच्या उत्तरात हा प्रश्न आलाच नव्हता.

मानसशास्त्राच्या निबंधात नेमकं उलटं. विषय होता साक्षीदाराची स्मृती, आणि आधार एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या संशोधकांच्या 1974 च्या प्रयोगांचा. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात "जोरात आदळल्या" असा शब्द वापरला की उत्तरातला वेग वाढायचा. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच चित्रफितीत नव्हतीच. तरी "आदळल्या" ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले. सौम्य शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7. यावर तिने एखाद्या वकिलाने अंतिम युक्तिवाद करावा तसा निबंध लिहिला होता: साक्षीदारावर विसंबताच येत नाही. शिक्षकांनी खाली विचारलं होतं, "आणि ज्या 34 जणांनी नाही म्हटलं, त्यांचं काय? चित्रफीत पाहणं आणि खऱ्या अपघातात असणं सारखंच का?"

मी दोन्ही कागद तिच्यासमोर शेजारी ठेवले. ती बराच वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी उत्तरांची अदलाबदल केलीय."

तिचं ज्ञान कुठेच कमी पडलं नव्हतं. मानसशास्त्र बहुतेक वेळा समूहाबद्दल आणि शक्यतेबद्दल बोलतं, आणि अपवाद लपवणं तिथे दोष ठरतो. न्यायालयासमोर मात्र एकच माणूस उभा असतो आणि त्याच्याबद्दल हो किंवा नाही असा निर्णय द्यावाच लागतो. ही ओढाताण फार जुनी आहे. 1908 मध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने वकील मानसशास्त्राकडे पाठ फिरवतात म्हणून टीका केली. पुढच्याच वर्षी पुरावा कायद्याचे अभ्यासक जॉन विग्मोर यांनी त्याच्यावर एक काल्पनिक खटला लिहून जोरदार उत्तर दिलं. हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली.

तिने दोन बदल केले. उत्तर लिहिण्याआधी कच्च्या कागदावर एक ओळ: इथे निर्णय मागितलाय की स्पष्टीकरण? आणि एका दिवशी शक्यतो एकाच विषयाचा अभ्यास. दर तासाला विषय बदलला की विचारांची सरमिसळ होते, असं तिच्या लक्षात आलं होतं.

आता काळजीतलं खरं तथ्य. संयुक्त पदवी मिळाली म्हणून दोन्ही व्यवसायांची दारं आपोआप उघडत नाहीत. वकिलीसाठी तिथल्या नियामक संस्थेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात. चिकित्सा मानसशास्त्रासाठी पदवीनंतरचं शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण सहसा लागतंच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, ही पदवी दोन्ही व्यवसायांच्या नियामक संस्थांना चालते का, हे लेखी विचारून घ्या. संख्याशास्त्र आणि संशोधन प्रकल्प अभ्यासक्रमात पुरेसे आहेत का, हेही पाहा. पुढच्या प्रवेशाचं घोडं बऱ्याचदा तिथेच अडतं.

आणि हेही खरं की मी सगळ्यांना दोन्ही विषय ठेवा असं सांगत नाही. एक विषय स्वतःचा आणि दुसरा घरच्यांच्या समाधानासाठी घेतलेला असेल, तर तो दुसरा लवकर सोडलेला बरा. मालिकांमधले गुन्हेगाराचं मन ओळखणारे तपास अधिकारी पाहून आलेल्यांनाही मी थांबवते. प्रत्यक्षातलं काम मुलांच्या ताब्याच्या वादातलं मूल्यमापन, बालगुन्हेगारांचं पुनर्वसन, मध्यस्थी, आरोपी खटला समजण्याच्या स्थितीत आहे का याची तपासणी, अशा संथ आणि जबाबदारीच्या गोष्टींचं असतं.

या मुलीला ओळख परेडचा, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून संशयिताला ओळखण्याचा, विषय भावला. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत असेल, तर नकळत एखाद्या हावभावातूनही साक्षीदाराला सूचना मिळू शकते. म्हणून ते माहीत नसलेल्या अधिकाऱ्यानेच परेड घ्यावी, अशी संशोधकांची शिफारस आहे. तिने यावरच प्रकल्प केला. ती शिफारस कशावर उभी आहे आणि न पाळल्यास त्या पुराव्याचं न्यायालयात काय होतं, या दोन्ही बाजू तिला मांडता आल्या.

वडिलांनी शेवटी मला फोन करून विचारलं, "मग ती नेमकी होणार कोण?" मी म्हटलं, शिकायला दोन विषय चालतील, पण व्यवसायाची पात्रता आधी एकच घ्यावी. कोणती, ते तिला ठरवू द्या. तिने वकिली ठरवली. संख्याशास्त्राचा ऐच्छिक पेपर मात्र सोडला नाही. तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची तर त्याचे आकडे स्वतःला वाचता आले पाहिजेत, असं तिचं म्हणणं होतं.