बाजारातला 200 रुपयांचा घडीचा चाकू चांगला आहे की नाही, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या यात्रेत 200-200 रुपयांचे दोन घडीचे चाकू घेतले. दिसायला दोन्ही सारखेच. एक महिनाभरात खिळखिळा झाला, दुसरा अजून छान चालतोय. घेतानाच फरक कळला असता का? भाऊ, कळला असता. दुकानात उभ्या उभ्या, पाच मिनिटांत.

आमची रावेरकडे केळीची बाग आहे. ठिबकची नळी कापायला, सुतळी तोडायला, घडाखालचं केळफूल काढायला, सगळ्याला खिशातला चाकू लागतो. महागाचा चाकू बागेत नेला की पालापाचोळ्यात हरवतोच, म्हणून मी आजवर स्वस्तातलेच वापरले. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. लोक चाकू हातात घेतला की अंगठ्याने धार बघतात. धार घरी लावता येते हो. बघायचा असतो सांधा, म्हणजे पातं मुठीत जिथे फिरतं ती जागा. तो कच्चा निघाला तर पुढे फारसं काही करता येत नाही.

चाकू उघडा, पात्याची बोथट पाठ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. सांध्याला स्क्रू असेल तर आडवा थोडा खेळ चालेल, तो आवळता येतो. पण लॉक, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणारी पट्टी, लागलेलं असताना पातं वर-खाली हललं, तर तो चाकू तिथेच परत ठेवा. मग मिटून वरून बघा: पातं मुठीच्या मधोमध बसतं की एका बाजूला घासतं? घासत असेल तर सांध्याचं भोकच तिरकं पाडलेलं असू शकतं.

लॉकबद्दल जरा जास्त सांगतो, कारण माझ्या तर्जनीवर त्याची पांढरी रेघ आहे. 16 मिलिमीटरच्या नळीला भोक पाडायला मी चाकूचं टोक दाबलं, लॉक सटकलं आणि पातं बोटावर मिटलं. चार टाके पडले. त्या चाकूची धार उत्तम होती, म्हणूनच जखम खोल गेली. नंतर उघडून बघितलं तर मुठीच्या आतली जी पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते, ती डब्याच्या पत्र्याइतकी पातळ होती आणि बुडाला नुसती कडेला टेकत होती. ती पट्टी पूर्ण जाडीने पात्यामागे बसली पाहिजे. तपासायला मूठ अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही, आणि पात्याची पाठ काउंटरवर दोन-तीनदा हलकेच ठोका. पट्टी जरा जरी सरकली तरी नको. लॉक नसलेले, नुसत्या स्प्रिंगवर उभे राहणारे चाकू वाईट नसतात. त्यांनी कापावं फक्त, भोसकायला वापरू नये.

आता पोलाद. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टील पारखतात, चिकटलं की हलकं समजतात. चाकूला हा हिशोब उलटा लागतो. पात्याला चुंबक चिकटलंच पाहिजे. जे चिकटत नाही ते बहुतेक ताट-वाटीचं स्टील, त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. पात्यावर 3सीआर13 असं पोलादाच्या जातीचं नाव कोरलेलं असेल तर पहिला आकडा कार्बनचा: साधारण 0.3 टक्के. पुढचा क्रोमियमचा, 13 टक्के. 8सीआर13 मध्ये कार्बन 0.8 टक्क्यांच्या आसपास, ते धार जास्त दिवस धरतं. पण या किमतीत कोरलेल्या अक्षरांवर मी पैसे लावत नाही. पात्यावरची दमास्कसची, म्हणजे लाटांसारखी, नक्षी तर नुसती वरून काढलेली असते.

धारेचा काठ मात्र उजेडात बघा. निळी-जांभळी झाक दिसली तर घासताना काठ तापून मऊ पडलाय. असा चाकू दोन-तीनदा दगडावर नीट घासला की खालचं चांगलं पोलाद वर येतं आणि तोच चाकू सुधारतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच चाकूला नावं ठेवू नका.

घरी आणल्यावर माझी परीक्षा भरताच्या वांग्यावर. आपल्याकडचं हिरवं, मोठं वांगं घ्या, साल गुळगुळीत असते. चाकू दाब न देता नुसता ओढा. चांगली धार साल पकडते, बोथट घसरते. मग जाड सुतळी पंचवीस-तीस वेळा कापा आणि पुन्हा वांग्यावर या. आता घसरला तर पोलाद मऊ. अजून साल पकडतोय तर तुमचे 200 रुपये वसूल.

केळीत वापरणार असाल तर चीक सांध्यात वाळू देऊ नका. तो डिंकासारखा घट्ट होतो आणि पातं काळं पडतं. लगेच धुवायचं, पुसायचं, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा.

तुमच्या खिळखिळ्या चाकूचं म्हणाल, तर सांध्याला स्क्रू असेल तर आवळून बघा. रिव्हेट असेल तर लोहाराकडून हलक्या हाताने ठोकून घ्या. लॉक सटकत असेल तर मात्र तो मिटायचा चाकू म्हणून वापरू नका. मला लागलेल्या चाकूचं पातं मी काढून बाभळीच्या मुठीत पक्कं बसवलं. तो आता ठिबकच्या पंपाजवळ खिळ्याला टांगलेला असतो आणि नळ्या कापायला रोज लागतो.