कोगनोळीचा नाका, ताडपत्री आणि प्रॉक्सी: वाचकांचे सवाल

मागच्या खेपेला जाहिराती बंद करण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार घेतलीत. पहिलं मोठं आहे, कारण त्या दुकानदाराचा प्रश्न खरा म्हंजे तिघा-चौघांचा मिळून एक प्रश्न आहे.

खानापूर तालुक्यातून एक झेरॉक्सवाले विचारतात: सर, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तीन कॉम्प्युटर. दिवसभर पहाणी (जमिनीचा उतारा) काढणं, सेवा सिंधू ह्या कर्नाटक सरकारच्या साइटवरचे अर्ज, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. जाहिरातींनी वैताग आणलाय, कामाला ठेवलेला पोरगा रोज चुकीच्या 'डाऊनलोड' बटणावर क्लिक करतो. मित्र म्हणाला जुन्या मशीनवर विंडोजऐवजी फुकटची लिनक्स सिस्टीम टाक आणि प्रिव्हॉक्सी नावाचा प्रॉक्सी बसव, सगळ्या जाहिराती बंद आणि प्रायव्हसी पण मिळते. २ जीबी रॅमचा जुना डबा पडून आहे. बसवू का? आणि त्यामुळे सरकारी साइट बंद पडल्या तर माझा धंदा बसेल, त्याचं काय?

बसवा की. २ जीबी त्याला डोक्यावरून पाणी, प्रिव्हॉक्सी फार हलका आहे. पण मित्रानं 'सगळ्या जाहिराती' म्हटलंय तिथं थोडं थांबा.

तुम्ही निपाणीकडून कोल्हापूरला जाताना कोगनोळीचा नाका बघितलाच असेल, २०२१ मध्ये तिथं आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. प्रॉक्सी म्हंजे असाच नाका. तुमच्या तिन्ही कॉम्प्युटरमधून निघालेली प्रत्येक गाडी त्याच्यासमोरून जाणार, आणि ठरलेल्या यादीतली गाडी दिसली की तो दांडा खाली करणार. पूर्वी गाड्या उघड्या असायच्या, म्हंजे साध्या एचटीटीपीवर चालायच्या, तेव्हा नाकेवाला आत चढून एकेक पोतं बघायचा. पानातली जाहिरात कापायचा, नाचणारी चित्रं थांबवायचा, माग काढायला ठेवलेला एका ठिपक्याएवढा फोटो सुद्धा उचलून फेकायचा. मी पहिल्यांदा बसवला तेव्हा पानावर जाहिरातीच्या जागी राखाडी चौकडा दिसायला लागला, लुंगीच्या चौकड्यासारखा, मला वाटलं मॉनिटर गेला, केबल काढून घालून बघितली. तो चौकडा प्रिव्हॉक्सीनंच ठेवलेला असतो, चित्र अडवलं ही खूण म्हणून.

आता जवळजवळ सगळ्याच गाड्यांवर ताडपत्री, वर सील. म्हंजे एचटीटीपीएस. नाकेवाल्याला फक्त गाडी कुठं चाललीय तेवढं कळतं, म्हंजे साइटचं नाव, आत काय आहे ते नाही. त्यामुळं जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावर जाणारी गाडी तो अडवतो आणि हे काम चोख करतो, पण बातमीच्या पानाबरोबर त्याच साइटवरून आलेली जाहिरात त्याच्या हातात नाही. तो चौकडा पण आता क्वचितच दिसतो, बहुतेक वेळा त्या जागी नुसती रिकामी खिडकी राहते.

तुम्ही म्हणाल सील फोडता येत नाही का. येतं. २०२० च्या ३.०.२९ आवृत्तीपासून प्रिव्हॉक्सीत एचटीटीपीएस तपासायची सोय आली, त्यासाठी स्वतःचं सर्टिफिकेट बनवून तिन्ही मशीनवर 'ह्याच्यावर विश्वास ठेव' म्हणून बसवायला लागतं. तुमच्या दुकानात हे करू नका, माझं स्पष्ट मत. लोक तुमच्याकडं आधार आणि बँकेचा नंबर घेऊन येतात, आणि त्या सर्टिफिकेटची किल्ली कोणाच्या हाती लागली तर तो तुमच्या मशीनला कुठलीही खोटी बँक खरी म्हणून दाखवू शकतो. चार जाहिराती कमी करायला एवढी किल्ली खुंटीला टांगून ठेवायची नाही.

बसवायचं कसं ते सांगतो, नावं मी मराठीत लिहितोय पण टाइप इंग्रजीतच करायचं. जुन्या मशीनवर डेबियन, म्हंजे लिनक्सचाच एक प्रकार, टाका, टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल प्रिव्हॉक्सी', झालं, चालू पण होतो. पण तो चालू झाला तरी फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, १२७.०.०.१ वर, पोर्ट म्हंजे दाराचा नंबर ८११८, आणि इथंच लोक अडकतात, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून काही लागत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसतात. आधी राउटरमध्ये जाऊन त्या मशीनचा पत्ता कायमचा करा, समजा १९२.१६८.१.१०. मग ईटीसी फोल्डरमधल्या प्रिव्हॉक्सी फोल्डरात 'कॉन्फिग' फाईल आहे, तिच्यात 'लिसन-ॲड्रेस' ह्या ओळीत तो पत्ता आणि पुढं ८११८. त्याच फाईलमध्ये 'परमिट-ॲक्सेस' अशी ओळ घालून फक्त दुकानातल्या नेटवर्कला परवानगी द्या, १९२.१६८.१.० च्या पुढं तिरकी रेघ आणि २४. राउटरमधून हा पोर्ट बाहेर इंटरनेटला उघडायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. उघडा प्रॉक्सी सापडला की जगातले भामटे त्याच्यातून आपले धंदे करतात आणि पत्ता दिसतो तुमचा. सर्व्हिस रीस्टार्ट करा, मग प्रत्येक विंडोज मशीनवर सेटिंग, नेटवर्क, प्रॉक्सी, मॅन्युअल, आणि हाच पत्ता, हाच पोर्ट.

चालू झाला की नाही बघायला ब्राउजरमध्ये 'एचटीटीपी', कोलन, दोन तिरक्या रेघा लिहून पुढं 'पी डॉट पी' टाका. प्रिव्हॉक्सीचं पान उघडलं तर झालं. नाही उघडलं तर गाडी नाक्याला वळसा घालून चाललीय.

सरकारी साइटची भीती रास्त आहे, पण इलाज त्यातच आहे. नियमांची एक 'डीफॉल्ट डॉट ॲक्शन' फाईल असते, तिला हात लावू नका, अपडेट आलं की तुमचं लिहिलेलं पुसून जाईल. 'यूजर डॉट ॲक्शन' तुमची. तिच्यात वरच्या बाजूला 'फ्रॅजाइल' असा एक ठरवलेला शब्द मिळेल, नाजूक साइटसाठीचा, म्हंजे इथं काही अडवायचं नाही, काही कापायचं नाही. फाईलच्या खालच्या भागात तो शब्द महिरपी कंसात लिहा आणि त्याच्याखाली 'डॉट जीओव्ही डॉट इन' आणि 'डॉट एनआयसी डॉट इन' अशा दोन ओळी घाला. पुढचा डॉट विसरू नका, त्या डॉटमुळंच त्या नावाखालच्या सगळ्या साइट मोकळ्या होतात. बँका पण तिथंच टाका. आणि जी नको ती 'प्लस ब्लॉक' खाली.

एक सांगायचं राहिलं, लॉग. त्याच कॉन्फिग फाईलमध्ये 'डीबग' नावाच्या ओळी आहेत, पुढं हॅशचं चिन्ह असतं म्हणून बंद असतात. 'डीबग १' चालू केलंत तर दुकानातून कुठल्या कुठल्या साइट उघडल्या त्याची नोंद होत जाते. काही बिघडलं तर शोधायला तासभर चालू करा, मग बंद. प्रायव्हसीसाठी प्रॉक्सी बसवला आणि गिऱ्हाइकांचीच वही लिहायला लागलो, असं व्हायला नको.

आता तुमच्या पोराबद्दल, कारण मला वाटतंय तुमचं निम्मं दुखणं वेगळंच आहे. खाली उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस' असं येतंय का? ती जाहिरात नव्हे, कधीतरी पोरानं 'अलाऊ' दाबलंय. ब्राउजरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडा, अनोळखी नावं सगळी काढून टाका, फुकटचं काम आहे. आणि ते चुकीचं डाऊनलोड बटण, पैजेवर सांगतो, फोटो ५० केबीच्या आत बसवायच्या साइटवरचं आहे. फॉर्मला छोटा फोटो लागतो, तुम्ही गुगलवर शोधता, पहिली जी साइट येईल तिच्यावर गिऱ्हाइकाचा फोटो, सही, कधी कधी आधारसुद्धा चढवता. तिथं तीन हिरवी बटणं, त्यातलं एकच खरं. जाहिरातीचं सोडा हो, तो आधार कोणाच्या सर्व्हरवर गेला? नाका कितीही कडक ठेवा, आपणच माल भरून दिला तर नाकेवाला काय करणार. विंडोजमधल्या साध्या पेंटमध्ये फोटो उघडा, 'रीसाइज' करून पिक्सेल कमी करा, जेपेगमध्ये सेव्ह करा. दोन दिवसात पोराचा हात बसेल.

आणि ब्राउजरमध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन आहे ते. ताडपत्री ब्राउजरमध्येच सुटते ना, म्हणून आतला माल बघायचं काम तिथं बसलेल्यालाच जमतं. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतो, क्रोमनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यामुळं तिथं त्याचा धाकटा भाऊ 'लाइट' चालवायला लागतो. खरं विचाराल तर तीनच कॉम्प्युटर आहेत तर आधी हेच करा, आठ दिवस बघा, मग प्रॉक्सी बसवायला घ्या.

वडगावातून एक वाचक: मोबाईल मराठीत, कीबोर्ड मराठी, तरी जाहिराती कन्नडमधून येऊलाल्यात. मी कुठं राहतो हे ह्यांना कसं कळलं? घरात प्रॉक्सी बसवला तर लपेल काय?

घरातल्या प्रॉक्सीनं नाही लपणार. तुमची गाडी शेवटी तुमच्याच घराच्या कनेक्शनवरून बाहेर पडते, तोच आयपी पत्ता समोरच्याला दिसतो आणि त्यावरून राज्य ढोबळमानानं कळतं. कधी चुकतं पण, बेळगावात बसून बेंगळूरची हॉटेलं दिसतात ती त्यामुळं. शिवाय ॲपना लोकेशनची परवानगी दिलेली असते ती वेगळीच. सेटिंगमध्ये जाऊन कोणाकोणाला दिलीय ते बघा, टॉर्चच्या ॲपला तुमचं गाव कशाला पाहिजे? आणि अँड्रॉइडमध्ये गुगलच्या भागात 'ॲड्स' आहे तिथून जाहिरात-आयडी डिलीट करता येतो. भाषा कुठली यावी त्या वादात मी पडत नाही, जाहिरातच आली नाही की प्रश्न मिटला.

निपाणीच्या एक काकू: भाऊ, दुपारी जरा फोनवर यूट्यूबला कीर्तन लावते, अभंग रंगात आला की मध्येच साबण. आणि पाककृतीच्या पानावर जाहिरातींमुळं साहित्य किती ते दिसतच नाही.

काकू, पाककृतीचं होईल, कीर्तनाचं ह्या वाटेनं अवघड. फोनमध्ये सेटिंग उघडा, नेटवर्कमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी ओळ आहे, अँड्रॉइड ९ पासून असते. डीएनएस म्हंजे साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता सांगणारा. तिथं नातवाकडून इंग्रजीत 'डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम' लिहून घ्या. एवढंच. घरचं वायफाय असो की मोबाईल डेटा, दोन्हीवर चालतं, आणि प्रॉक्सीपेक्षा फोनला हेच बरं, कारण वायफायला प्रॉक्सी लावला तरी पुष्कळ ॲप त्याला जुमानत नाहीत. मात्र तुम्ही कुठली साइट उघडली तो पत्ता ॲडगार्डवाल्यांना विचारला जाणार, हे माहीत असावं. यूट्यूबचा साबण राहणार, कारण कीर्तन आणि जाहिरात एकाच गोदामातून येतात, गोदाम बंद केलं तर बुवा पण बंद. एक वाट आहे. फोनवर फायरफॉक्स घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन घालायचा आणि यूट्यूबचं ॲप न उघडता फायरफॉक्समधून साइट बघायची. यूट्यूबवाले आणि यूब्लॉकवाले यांचं मांजर-उंदीर चालूच असतं, त्यामुळं एखादा दिवस साबण येईल, चिडू नका.

बेळगाव टिळकवाडीतून, मागच्या अंकातल्या वाचकाचं पुन्हा पत्र: तुमचं ऐकून रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर पाय-होल, म्हंजे जाहिराती गाळणारा घरचा डीएनएस, बसवला, झकास चालला. पण लाईट गेली की वायफायचं चिन्ह पूर्ण, इंटरनेट शून्य. बायको म्हणते काढा तो डबा. मग मी राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ घातला, तर आता नेट जात नाही पण अर्ध्या जाहिराती परत आल्या!

वहिनींचं बरोबर आहे, चूक माझी, मी सांगायला विसरलो. तुमचा राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि पाय भिंतीतल्या साध्या प्लगवर, असंच ना? लाईट गेली, पाय मेला, राउटर जिवंत. फोनला वायफाय दिसतंय पण साइटचा पत्ता विचारायला गेला की सांगणारा कोणी नाही. आणि दुसरा डीएनएस हा राखीव गडी नसतो, पहिला पडला तरच येईल असं काही नाही, मशीन दोघांपैकी कोणालाही विचारतं, म्हणून निम्म्या जाहिराती मागच्या दारानं आल्या. ८.८.८.८ काढा. पायचा चार्जर राउटरच्या शेजारी, त्याच इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा. आणि लाईट जाता-येता मेमरी कार्ड खराब होतं, तेव्हा पाय-होलच्या सेटिंगमध्ये 'टेलिपोर्टर' आहे, तिथून बॅकअपची फाईल काढून पेनड्राइव्हवर ठेवा, आजच, संध्याकाळची लाईट जायच्या आत.