भंगारवाल्याला थांबवा जरा

गेल्या अंकात बोलता बोलता लिहून गेलो की २००६ पासून माझ्या टेबलावर विंडोज नाही, लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीमच आहे. त्यावर पत्रांचा ढीग पडला. सगळी छापली तर पाककृतींना जागा उरायची नाही, म्हणून सहा निवडली.

प्रश्न : माझा संगणक २०१४ चा, कोर आय थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० ची मुदत संपली म्हणतात आणि ११ यावर चढत नाही. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "आई, भंगारात दे, नवा घेऊन देतो." मला मराठी टाइप करायचं असतं, मेल बघायची, लाइट बिल भरायचं आणि संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं. लिनक्स या वयात जमेल का? (निवृत्त शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर : बाई, भंगारवाल्याला थांबवा जरा. तुमच्या संगणकाला काही झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला, म्हणजे सुरक्षेची डागडुजी बंद झाली. मशीन चालतं, पण त्यावर बँकेचं काम करणं शहाणपणाचं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमचा बहुधा चौथ्या पिढीतला. यादीत नाव नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

पहिलं काम लिनक्सचं नाहीच. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी चपळ डिस्क, बसवून घ्या. मशीन रखडतं त्यात निम्मा दोष त्या फिरत्या तबकडीचा असतो. मग लिनक्सच्या अनेक अवतारांपैकी लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती कुणाकडून तरी भरून घ्या आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कवर काहीही न चढवता अख्खी सिस्टीम चालते. दोन दिवस तशीच वापरा. कीर्तन लावा, वाय-फाय धरतो का बघा, एखादी प्रिंट काढा. नाही आवडलं तर पेनड्राइव्ह उपसा, जुनी हार्ड डिस्क परत बसवा, तुमचं विंडोज तिच्यात जसंच्या तसं असेल. एक मात्र आहे, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले तर ४ जीबीत कुठलीच सिस्टीम टिकत नाही.

आवडलं आणि कायमचं चढवायचं ठरलं, तर आधी सगळे फोटो आणि कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवा. हे कळकळीनं सांगतोय, कारण २००७ साली मेव्हण्याच्या पीसीवर उबुंटू हा लिनक्सचाच दुसरा अवतार चढवताना मी डिस्कच्या नको त्या कप्प्यावर बोट ठेवलं. (तेव्हा उबुंटूच्या सीड्या मागवल्या की परदेशातून पोस्टानं फुकट यायच्या. आमचा पोस्टमन दर वेळी विचारायचा, "गाण्याच्या हायेत का?") पुसलं गेलं ते नेमकं भाचीच्या बारशाचं फोल्डर. फोटोरेक नावाच्या प्रोग्रामनं बरेचसे फोटो परत आणले, पण नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. नुसत्या आकड्यांच्या नावांचे शेकडो फोटो मेव्हण्याच्या बायकोनं रोज रात्री बसून लावले. भाची आता कॉलेजात आहे. घरी आली की अजून विचारते, "मामा, आज काय पुसणार?"

वयाची काळजी करू नका. ज्यांना चारच कामं करायची असतात, त्यांना चारच चिन्हं ओळखावी लागतात.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचा छापखाना आहे. १९९७ पासूनच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, सगळं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये पडून आहे. लिनक्सवर गेलो तर हे उघडेल का? (छापखानावाले, कोल्हापूर)

उत्तर : जसंच्या तसं नाही उघडणार. आणि भावा, खरं सांगू का, ते आज विंडोजवरही कुठं उघडतंय? ते उघडतं फक्त तुमच्या त्या एका जुन्या मशीनवर, ज्याच्या ढुंगणात फॉन्टचं डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, खोचलेलं आहे.

मी तुमच्याच धंद्यातला. वडिलांच्या प्रेसमध्ये ट्रेडल छपाईयंत्रावर पाय मारला, शिशाचे खिळे जुळवले, आणि नंतर डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, आलं तेव्हा पहिल्या फटक्यात त्यात उडी घेतली. त्यामुळे माझ्याकडेही तसल्याच फायलींचं गाठोडं होतं. त्यांचा घोळ काय आहे तो नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा निर्णय सोपा जाईल.

त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षर हे मराठी अक्षर म्हणून साठवलेलंच नसायचं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीची चित्रं बसवलेली असायची. संगणकाच्या लेखी तुमची पत्रिका म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, वर फक्त मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. शिवाय प्रत्येक पॅकेजवाल्याची घरं वेगळी, म्हणून एका प्रेसची फाईल दुसऱ्या प्रेसमध्ये वाचता यायची नाही. शोधायला जाल तर 'कोल्हापूर' हा शब्द तुमच्या पंचवीस वर्षांच्या फायलींत एकदाही सापडणार नाही, आणि छापला असेल हजार वेळा.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचं ठरलेलं घर देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती आली १९९१ च्या ऑक्टोबरात आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी ऑगस्टात फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 'छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय' असं जाहीर केलं, तेच पुढं लिनक्स झालं. दोन्ही गोष्टी त्या वेळी आम्हाला ठाऊकच नव्हत्या. आम्ही खिळ्यांतून नुकते मान वर काढत होतो. मला युनिकोडकडे ढकललं ते लिनक्सनं, तेसुद्धा नाइलाजानं. माझं फॉन्टचं पॅकेज लिनक्सवर चालायचंच नाही. मग लोहित नावाचा फुकटचा फॉन्ट घेऊन इनस्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची पद्धत शिकलो. पहिले दोन महिने बोटं इतकी अडखळायची की गिऱ्हाईक समोर बसलं की मी गुपचूप जुन्या मशीनवर जायचो. पण २००६ नंतर जे जे लिहिलं ते आज फोनवरसुद्धा उघडतं. त्याआधीचं गाठोडं मात्र तुमच्यासारखंच अडकलं होतं.

ते सोडवता येतं, पण फुकटात मन:शांती मिळेल असं समजू नका. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत. तुमच्या नेमक्या फॉन्टासाठी बनलेला असेल तरच तो चालतो. चुका कुठं होतात तेही सांगतो. 'किल्ला' लिहिताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर. 'वर्ष' मधला रफार जुन्या फाईलीत 'ष' च्या मागून येतो, युनिकोडमध्ये तो 'ष' च्या आधी साठवायचा असतो. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षराला वेलांटी, रफार, अनुस्वार असं सगळं लटकलेलं असेल तिथं तो घसरतो. म्हणून मी सगळं बदललं नाही. आडनावांच्या याद्या, देवस्थानांचे मायने, दरवर्षी येणारी पावतीपुस्तकं तेवढी बदलली. एकेक प्रूफ वाचलं. बाकी सगळ्याची पीडीएफ करून ठेवली, फॉन्ट आत बसवून. तुम्हीही तेच करा. जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात राहू द्या.

नवं काम लिनक्सवर करायचं का? साधी पत्रिका, हँडबिल, पुस्तिका स्क्रायबस या पानं लावायच्या फुकट प्रोग्राममध्ये होते. १.४ पर्यंत त्यात आपली जोडाक्षरं फुटायची. जानेवारी २०२४ मध्ये १.६ आलं, त्यात देवनागरी नीट बसते. 'मुक्त', 'तिरो देवनागरी मराठी', 'नोटो' असे कितीतरी फॉन्ट फुकट आहेत. मजकुराची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. फॉन्टात सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. पण तुमच्याकडे चार ऑपरेटर आहेत, चौघांचा हात कोरलड्रॉवर बसलेला आहे आणि लग्नसराई तोंडावर आहे, तर माझ्या नादानं धंदा बुडवू नका. पावसाळ्यात, काम थंड असताना, एका मशीनवर करून बघा.

प्रश्न : इंजिनिअरिंगला आहे. आर्च लिनक्स टाकू का? आणि गेम चालतात का? (विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : आर्च म्हणजे सगळं स्वतःच्या हातानं जोडायचं लिनक्स, म्हणून सेमिस्टरच्या परीक्षा झाल्यावर टाक. स्टीम या गेमच्या दुकानातले पुष्कळ गेम २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉनमुळे, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीमुळे, चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, त्यासाठी मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

प्रश्न : उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ड्रॉइंगला ऑटोकॅड, हिशेबाला टॅली. लिनक्सनं पैसे वाचतील असं मेहुणा म्हणतो. (कारखानदार, कोल्हापूर)

उत्तर : मेहुण्याला चहा पाजा आणि विषय बदला. ऑटोकॅड आणि टॅली, दोन्ही लिनक्ससाठी निघत नाहीत. फ्रीकॅड हा ड्रॉइंगचा फुकट प्रोग्राम चांगला आहे, मी घरी दाराची कडी त्यात काढली, पण तुमची गिऱ्हाइकं ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाईल पाठवणार आणि एखादं माप इकडचं तिकडं झालं की अख्खा लॉट रिजेक्ट. पाहिजे तर गेटवर सीसीटीव्ही आणि बॅकअपसाठी जो जुना पीसी ठेवलाय, त्यावर लिनक्स घाला. तिथं ते मुकाट काम करेल.

प्रश्न : तुम्ही एवढं सांगता, पण तुमच्या घरचे लोक काय वापरतात? खरं सांगा. (वाचक भगिनी, जयसिंगपूर)

उत्तर : ताई, सापडलो. मुलगी पुण्यात मॅक वापरते. ती माझ्याशी वाद घालत नाही, नुसती हसते. बायको लिनक्सवर आहे, पण तिला ते ठाऊक नाही. तिच्या लेखी तो "खाली कोपऱ्यात हिरवं बटण असलेला कॉम्प्युटर" आहे. भिशीचा हिशेब ती लिबरऑफिसमध्ये ठेवते आणि अकरा वर्षांत तिनं मला दोनच तक्रारी केल्या. एक, प्रिंटर. दुसरी, मी.

प्रिंटरची तक्रार रास्त होती. गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे दिसतो तसला छोटा लेझर प्रिंटर मी न विचारता घेऊन आलो. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर म्हणजे लहरी जावई. आज मानतो, उद्या रुसतो. सहा महिने झुंजलो आणि शेवटी झेरॉक्सवाल्यालाच देऊन टाकला. आता एकच नियम: वाय-फायवरून विनाड्रायव्हर छापतो का, म्हणजे मोबाइलमधून थेट प्रिंट निघते का, ते दुकानातच बघायचं. तिथं निघाली तर लिनक्सवरही बहुधा निघते.

माझ्या या नादाबद्दल बायकोचं मत बदललं ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझं दुकान शाहूपुरीत, तळमजल्यावर. सकाळी पायरीला पाणी लागलं तेव्हा कॅबिनेट उचलून न्यायला ना गाडी होती ना माणूस. स्क्रू ड्रायव्हरनं नुसती डिस्क काढली, गोकुळच्या दोन रिकाम्या पिशव्यांत गुंडाळली आणि शर्टाच्या आत घालून बहिणीकडे कोल्हापुरातल्याच संभाजीनगरात गेलो. कॅबिनेट पाण्यातच राहिलं. चौथ्या दिवशी भाच्याच्या पीसीला ती डिस्क लावली. माझं मशीन इंटेलचं, त्याचं एएमडीचं, मदरबोर्ड वेगळा, सगळंच वेगळं. मला वाटलं होतं, काळा पडदा दिसणार. दीड मिनिटात माझा डेस्कटॉप समोर. तोच रंकाळ्याचा फोटो, तीच फोल्डरं, भिशीची फाईल जागेवर. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बहुतेक ड्रायव्हर आधीच असतात आणि सुरू होताना तो दर वेळी नव्यानं हार्डवेअर चाचपतो, म्हणून हे जमलं. (दोन्हीकडे जुनं बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्राम, होतं हे नशीब. एकीकडे युईएफआय हा त्याचा नवा अवतार असता तर घाम फुटला असता.) परवाना नव्यानं टाका, असंही कुणी म्हणालं नाही. बायकोनं भिशीची शिल्लक तपासली, बरोबर आली. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या संगणकावर लिनक्स चढवायला निघालो की ती फक्त एवढंच म्हणते, "फोटो काढून ठेवलेत का त्यांचे?"

प्रश्न : मिंटवर आले, इनस्क्रिप्टही जमतं. पण 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' होतं. (मुद्रितशोधक, इचलकरंजी)

उत्तर : हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. आपल्या मराठीत हे दोन वेगळे 'र' आहेत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. साधा 'र' जे वर आहे. तुम्हाला हवाय तो खाली टिंब असलेला 'ऱ', शिफ्ट दाबून जे. मग हलन्तासाठी डी, मग 'य', म्हणजे तिरक्या रेघेची कळ. कीबोर्डच्या यादीत मराठी निवडा. काही जण साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक घालून तोच आकार काढतात. कागदावर फरक कळत नाही, पण शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. तुम्ही मुद्रितशोधक आहात, एकच पद्धत धरा.

जुन्या फॉन्टात या दोन्ही 'र' च्या कळा शेजारी शेजारी असायच्या. १९९९ च्या सुमारास एका मठाच्या कार्यक्रमाची पत्रिका मी छापली, हजार प्रती. 'आचार्यांचा सत्कार' छापायचं होतं, छापलं 'आचाऱ्यांचा सत्कार'. वाटप झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. मी तोंड लपवून मांडवाच्या मागच्या बाजूनं आत शिरलो, तर चुलाणापाशी उभा असलेला आचारी हातात पत्रिका घेऊन माझीच वाट बघत होता. म्हणाला, "मालक, माझा फेटा आन् नारळ कुठं हाय?"